तणनाशक उडून रानझाडांना काही होत नाही म्हणे

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: तणनाशक शेताबाहेर जरासं उडालं तर एवढा गोंधळ कशाला, वारा पडलेला असताना फवारलं की प्रश्न मिटला, बाहेर जाणारा डोस नगण्य असतो, पानं वळली तरी पंधरा दिवसांत झाड पूर्ववत होतं, आणि टेस्ट झाल्याशिवाय औषध बाजारात येतच नाही. चारही मुद्दे ऐकायला पटतात आणि चारहींत घोळ आहे.

आधी वारा, कारण ह्यात भलेभले फसतात. जोराच्या वाऱ्यात फवारू नये हे खरंच, पण वारा अगदी पडलाय म्हणजे सेफ, हे चूक. निरभ्र संध्याकाळी जमीन भराभर थंड होते, तिच्या लगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, मग खालची हवा वर जातच नाही आणि बारीक थेंब त्या थरात तरंगत बसतात. १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब ३ मीटरवरून साधारण १० सेकंदांत खाली येतो, २० मायक्रॉनच्याला चार मिनिटं लागतात, तेवढ्यात साधी झुळूक आली तरी तो कुठल्या कुठे जातो. अमेरिकेत डायकांबा हे तणनाशक सोसणाऱ्या खास सोयाबीनवर ते मारतात, त्याच्या लेबलवर म्हणूनच वारा ताशी किमान ३ मैल हवा असं छापलेलं होतं. त्यात डायकांबा पानावर बसल्यावरही वाफ होऊन परत उठतं, म्हणजे फवारणाऱ्याने सगळं नियमात केलं तरी. तिथे २०१७ साली डायकांबा न सोसणाऱ्या सुमारे ३६ लाख एकर सोयाबीनला असा फटका बसल्याचा अंदाज होता. सोयाबीनला मालक असतो, तो तक्रार करतो. बांधावरच्या रानफुलांची तक्रार कोण करणार?

डोस नगण्य म्हणाल तर डायकांबा काय, टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक काय, ही वनस्पतीची वाढ ठरवणाऱ्या तिच्या स्वतःच्या ऑक्झिन हार्मोनची नक्कल आहे, आणि हार्मोनचं काम कणभर प्रमाणातच चालतं. अमेरिकेत लसूणघास आणि बोनसेट नावाच्या एका रानझाडावर प्रयोग झाले, शेतातल्या डोसच्या १ टक्क्याच्या आसपासच फुलं उशिरा आली, कमी आली, आणि फुलांवर येणारे कीटकही घटले.

आता 'झाड पूर्ववत होतं' हे. नवीन पानं येतात, मान्य. पण रानझाडाचा हिशोब पानांवर नाही, बियांवर चालतो हो! एका वर्षात आयुष्य संपवणाऱ्या झाडाने त्या वर्षी बी धरलं नाही तर मातीत आधीचं जे पडलंय तेवढ्यावरच पुढची पिढी, तो साठाही दरवर्षी आटतो. बहुवर्षायू झाड बी न धरता वर्षानुवर्षं उभं राहतं म्हणून आपल्याला सगळं ठीक वाटतं. गवताला ह्या ऑक्झिनवाल्या औषधांचा फारसा त्रास नाही, ते रिकामी जागा घेतं, आणि लांबून बघणारा म्हणतो की किती हिरवंगार आहे. जर्मनीत शेताच्या कडेच्या गवताळ पट्ट्यावरच्या प्रयोगात तणनाशकामुळे रॅननक्युलस ॲक्रिस ह्या पिवळ्या रानफुलाचा बहर ८५ टक्क्यांनी घटला होता.

टेस्टचं थोडक्यात सांगतो. टेस्ट होतात, खोटं नाही. पण नेहमीची पद्धत अशी की कुंडीतली कोवळी रोपं, बहुतेक पिकांचीच, २१ ते २८ दिवस बघायची, वजन आणि पानांची इजा मोजायची आणि थांबायचं. फूल, बी, शेजारच्या झाडाशी स्पर्धा ह्यातलं काही मोजलं जात नाही.

तणनाशक बंदच करा असं म्हणत नाहीये मी. मोठे थेंब देणारं नोझल, ते पिकाच्या जवळ ठेवणं, कडेला न फवारलेला पट्टा सोडणं, ह्याने फरक पडतोच. ब्रिटनमधल्या ग्लायफोसेट ह्या तणनाशकाच्या प्रयोगांत उगवत्या कोवळ्या रानरोपांसाठी हा पट्टा २० मीटरचा हवा असं निघालं. अर्थात हे थेंबांपुरतं. वाफेला पट्टा अडवत नाही, तिथे औषधच बदलावं लागतं.