‘आपण रांगेतून आलो, बाकीचे घुसले’ : एका मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सांगलीच्या मामांनी एक मेसेज पुढे पाठवला. तोच मेसेज त्याआधी इथे न्यू जर्सीत, मराठी मंडळींच्या दोन ग्रुपांवर माझ्याकडे येऊन गेला होता. थोडक्यात मजकूर असा: अमेरिकेत पाच वर्षं राहिलं की नागरिकत्व मिळतं. जन्मावरून नागरिकत्व वाटणारा जगातला हा एकमेव देश. इथे बाळ जन्माला घातलं की आईबापही आपोआप नागरिक. पूर्वी लोक कायद्याने, रांगेत उभे राहून यायचे, आता घुसतात. आपण भारतीय मात्र केवळ गुणवत्तेवर आलो, कुणाचे उपकार न घेता. आणि या बाकीच्या गर्दीमुळे देश फुटायला आला आहे.

मामा, तुमच्यावर राग नाही. तुम्ही तो लिहिलेला नाही. पण मी या देशाची नागरिक होऊन थोडेच महिने झालेत, आणि यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. ग्रुपवर चार ओळींत सांगता येईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पाच वर्षांपासून सुरुवात करू. ही पाच वर्षं मोजतात ती ग्रीन कार्ड, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, मिळाल्यापासून. नवरा किंवा बायको नागरिक असेल तर तीन. त्याआधी कितीही वर्षं नोकरी केली, कर भरला, तरी ती हिशेबात येत नाहीत. मी पुण्याहून आले २००७च्या ऑक्टोबरात. कंपनीने ग्रीन कार्डाचे कागद भरले २००९ मध्ये. त्या दिवसाला प्रायॉरिटी डेट म्हणतात, रांगेतला आपला नंबर तिच्यावरून ठरतो, आणि इथल्या भारतीय घरांत ती तारीख मुलांच्या वाढदिवसासारखी पाठ असते. कार्ड आलं २०२०च्या शेवटी. मधली अकरा वर्षं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे रांग कुठवर आली ते सांगणारं सरकारी पत्रक, उघडायचं आणि भारताच्या रकान्यातली तारीख किती सरकली ते पाहायचं. कधी दोन आठवडे पुढे, कधी वर्षभर मागे.

कारण साधं आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं निघतात, त्यात बायकामुलंही धरलेली असतात, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली ७ टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत असा नियम आहे. आइसलंडला जी मर्यादा, तीच भारताला. दुसऱ्या देशांची उरली तर थोडी अधिक मिळतात, एवढंच. आज त्या रांगेत दहा लाखांहून अधिक भारतीय आहेत. आमच्या शेजारची मुलगी चार वर्षांची असताना इथे आली. तिला एकवीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा आईवडिलांची तारीख अजून आलेली नव्हती. एकवीस पूर्ण झाली की मूल आईबापांच्या अर्जातून गळतं, म्हणून तिला परदेशी विद्यार्थिनीचा व्हिसा काढावा लागला. शाळा इथली, मैत्रिणी इथल्या, मराठी अडखळत बोलणारी मुलगी, आणि कागदावर परदेशी. ‘पाच वर्षं राहिलं की मिळतं’ हे वाक्य तिच्या आईसमोर कुणी म्हणू नये.

पुढे मुलाखत, इंग्रजीची परीक्षा, इतिहास आणि राज्यघटनेचे प्रश्न. मी अर्ज केला तेव्हा शंभर प्रश्नांची यादी होती, त्यातले दहा विचारायचे आणि सहा बरोबर यावे लागायचे. २० ऑक्टोबर २०२५पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांची यादी, वीसपर्यंत प्रश्न आणि बारा बरोबर उत्तरं. मग शपथ. शपथ घेतली त्या क्षणी आपल्या १९५५च्या कायद्याप्रमाणे भारताचं नागरिकत्व संपलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते ओसीआय कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व असं तुमच्याकडे अनेकजण समजतात, तसं नाही. त्या कार्डावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मी माझा पासपोर्ट रद्द करायला पाठवला त्या दिवशी जेवले नाही.

‘जन्मावरून नागरिकत्व देणारा एकमेव देश.’ कॅनडा देतो, मेक्सिको देतो, ब्राझील आणि अर्जेंटिना देतात. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतले बहुतेक देश देतात. ब्रिटनमध्ये हाच नियम १९८२च्या अखेरपर्यंत होता, ऑस्ट्रेलियात १९८६पर्यंत. आयर्लंडने २००४मध्ये सार्वमत घेऊन तो बदलला. आणि मामा, भारतात? २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जो भारताच्या भूमीवर जन्मला तो, परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांच्या मुलांसारखे थोडे अपवाद सोडले तर, नागरिक. आईबाप कुठले हे पाहायचं नाही, असा आपला कायदा होता. तुमचा जन्म १९५२चा, माझा १९८१चा. आपण दोघंही नेमक्या याच नियमाने भारताचे नागरिक ठरलो. तुमचे आईवडील कोण होते हे कुणी विचारलं नाही, म्हणून तुम्हाला ते कधी जाणवलं नाही.

अमेरिकेत हा नियम कुठून आला तेही सांगते. १८५७मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामीतल्या माणसाच्या खटल्यात सांगितलं की कृष्णवर्णीय माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. मग यादवी युद्ध झालं, गुलामगिरी संपली, आणि १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने लिहून ठेवलं की इथे जन्मलेला आणि इथल्या कायद्याच्या कक्षेतला प्रत्येकजण नागरिक. पुन्हा कुठल्या न्यायाधीशाला माणसाचा रंग पाहून त्याला देशाबाहेर ठरवता येऊ नये यासाठी ते होतं. वोंग किम आर्क नावाचा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला स्वयंपाकी १८९५मध्ये चीनहून परतला तेव्हा त्याला बंदरातच अडवलं, काही महिने जहाजांवर ठेवलं. चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा तेव्हा लागू होता आणि त्याचे आईबाप चिनी होते. १८९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला: तो इथे जन्मला, तो नागरिक आहे. एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, असलेल्या आपल्या जोडप्यांची इथे जन्मलेली मुलं नागरिक ठरत आली ती त्या स्वयंपाक्याच्या खटल्यामुळे. २० जानेवारी २०२५ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इथे जन्मलेल्या काही मुलांना नागरिकत्व नाकारणारा जो आदेश काढला, त्यात फक्त बिनकागदाच्या लोकांची मुलं नव्हती. आई तात्पुरत्या व्हिसावर आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल, तर तेही मूल वगळायचं होतं. म्हणजे आपलीच मुलं. न्यायालयांनी तो आदेश अडवला, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि नेमक्या त्याच काळात आपले लोक हा मेसेज एकमेकांना पाठवत होते.

बाळामुळे आईबाप आपोआप नागरिक, हे तर सरळ खोटं. मूल एकवीस वर्षांचं झाल्यावर आईबापांसाठी अर्ज करू शकतं, तोही ग्रीन कार्डाचा. आईबाप चोरवाटेने आले असतील तर बहुतेकांना आधी देशाबाहेर जावं लागतं, आणि वर्षाहून अधिक काळ बिनपरवाना राहिले असतील तर गेल्यावर दहा वर्षं परत येता येत नाही. म्हणजे बाळंतपणापासून तीसहून अधिक वर्षं.

आता रांग. ‘पूर्वी लोक रांगेत उभे राहून यायचे’ हे इथले गोरे लोकही फार अभिमानाने सांगतात. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर १८९२ ते १९५४ या काळात सुमारे १ कोटी २० लाख माणसं उतरली. त्यांतले बहुसंख्य १९२४च्या आधीचे, आणि तोवर सर्वसाधारण काळात त्यांना व्हिसाच लागत नसे. जहाजाचं तिकीट काढायचं, उतरायचं, डॉक्टर डोळे तपासणार, कारकून नाव-गाव विचारणार, काही तासांत मोकळे. शंभरातले दोनेक परत पाठवले जात. वर्षानुवर्षांची रांग तेव्हा नव्हतीच, निदान युरोपातून येणाऱ्यांना नव्हती. आशियातून येणाऱ्यांना मात्र दारच बंद होतं. चिन्यांना १८८२ साली, भारतासकट आशियाच्या मोठ्या भागाला १९१७ साली.

आणि इथेच ते वाक्य येतं ज्याने मला हे लिहायला बसवलं: ‘आपण केवळ गुणवत्तेवर आलो, कुणाचे उपकार न घेता.’

१७९०च्या पहिल्याच कायद्यात लिहिलं होतं की नागरिकत्व मिळेल ते ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसाला. १८७०मध्ये त्यात आफ्रिकी वंशाचे लोक घातले गेले. आपण दोन्हीत बसत नव्हतो. मुंबईचे पारशी कापूस व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१०मध्ये नागरिकत्व टिकवता आलं ते पारशी हे गोऱ्यांत मोडतात असं न्यायालयाने मानलं म्हणून. भगतसिंग थिंद पंजाबातून आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या गणवेशात होते. १९ फेब्रुवारी १९२३ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की ते गोरे नाहीत, सबब नागरिक नाहीत. त्यांच्या बाजूने केलेला एक युक्तिवाद वाचताना मला शरम वाटली: आपण उच्चवर्णीय हिंदू, आर्य, गोरा अमेरिकन कृष्णवर्णीयांशी जसं लग्न करणार नाही तसे आपण आपल्या देशातल्या आदिवासींशी करत नाही, म्हणून आपल्याला गोरं म्हणा. दाराबाहेर उभं असतानाही दुसऱ्याला आपल्या खाली दाखवून आत जायचं, ही खोड तेव्हापासूनची आहे. त्या वेळी तिने काहीच साधलं नाही.

त्या निकालानंतर आधीच नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. वैष्णोदास बगाई १९१५मध्ये बायको काला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोत आले होते, तिथे त्यांनी दुकान थाटलं, १९२१मध्ये नागरिक झाले. नागरिकत्व गेलं, त्याबरोबर मालमत्ता बाळगायचा हक्क गेला, भारतात जाऊन यायला पासपोर्ट मिळेना. १९२८मध्ये त्यांनी गॅस सोडून जीव दिला आणि कारण सांगणारं पत्र वर्तमानपत्रासाठी लिहून ठेवलं. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. सरकार त्यांच्याही मागे लागलं. त्यांची बायको गोरी अमेरिकन. नवरा अपात्र ठरला तर तिचंही नागरिकत्व जाणार होतं. पंडित स्वतःचा खटला लढले आणि जिंकले, १९२७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला, आणि उरलेल्या भारतीयांमागचा ससेमिरा थांबला. असा माणूस आपल्या एकाही मंडळाच्या स्मरणिकेत मला आजवर भेटलेला नाही.

१९४६मध्ये कायदा बदलला आणि भारतीयांना नागरिक होण्याची मुभा मिळाली. वर्षाला प्रवेश किती जणांना? शंभर. दलीपसिंग सौंद १९२०मध्ये शिकायला आले, गणितात डॉक्टरेट मिळवली, आणि शेती करत राहिले. या कायद्यामुळे ते १९४९मध्ये नागरिक झाले आणि १९५६मध्ये काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, निवडून गेले. गुणवत्ता त्यांच्याकडे १९२०मध्येही होती.

१९६०मध्ये इथे भारतात जन्मलेले जेमतेम १२ हजार होते, आज २८ लाखांहून अधिक आहेत. मधल्या काळात भारतीय अचानक हुशार झाले नाहीत. ३ ऑक्टोबर १९६५ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याखाली एका कायद्यावर सही केली, त्याने वंश पाहून ठरवलेले देशवार कोटे गेले. १९६४चा नागरी हक्क कायदा, १९६५च्या ऑगस्टमधला मतदानाचा कायदा, आणि त्यापाठोपाठ हा. रस्त्यावर कुत्री अंगावर घेतली, तुरुंग भोगले, मार खाल्ला तो कृष्णवर्णीय अमेरिकनांनी. वंशावरून माणूस बाहेर ठेवणं लाजिरवाणं आहे हे त्यांनी या देशाला कबूल करायला लावलं, आणि त्या कबुलीनंतर उघडलेल्या दारातून आपण आत आलो. माझी मेहनत मी नाकारत नाही. पण २००७मध्ये एच-१बीसाठी सोडत काढली गेली. हिंजवडीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा मुलगा माझ्याहून हुशार होता. त्याचा अर्ज लागला नाही, माझा लागला.

राहिलं देश फुटण्याचं. १७५१मध्ये बेंजामिन फ्रँकलिन काळजी करत होते की पेनसिल्व्हेनियात आलेले जर्मन इंग्रजी शिकणार नाहीत, उलट आपल्यालाच जर्मन करून टाकतील. १८५०च्या दशकात आयरिश कॅथलिकांविरुद्ध एक अख्खा पक्ष उभा राहिला. पोपची माणसं निष्ठावान कशी असणार, हा प्रश्न. १९६०मध्ये त्याच आयरिश कॅथलिकांपैकी केनेडी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. आज इथल्या दर चार डॉक्टरांपैकी साधारण एक बाहेरच्या देशात शिकलेला आहे. चिकोडी-बेळगावकडचे श्री ठाणेदार २०२३पासून मिशिगनमधून काँग्रेसमध्ये आहेत. ताण पडत नाहीत असं मी म्हणणार नाही. शाळांवर पडतो, घरभाड्यांवर पडतो. पण त्याचं बोट नेहमी सगळ्यात शेवटी आलेल्याकडे दाखवलं जातं, आणि १९२३मध्ये ते आपल्याकडे होतं.

माझ्या मुलाखतीत अधिकारी बाईंनी पाचवा प्रश्न विचारला: मार्टिन ल्यूथर किंग यांनी काय केलं? यादीतलं उत्तर पाठ होतं. नागरी हक्कांसाठी लढले, असं मी म्हटलं, त्यांनी खूण केली आणि सहाव्या प्रश्नाकडे वळल्या. त्या स्वतः कृष्णवर्णीय होत्या. मला त्यांना आणखी काही सांगायचं होतं. वेळ नव्हता, आणि माझ्या मागे बाहेर बाकावर बारा-पंधरा माणसं बसलेली होती.