यीस्ट म्हणजे किडे, तर इडलीचं काय करायचं?

रविवारी ओटीजीतून (घरच्या छोट्या विजेच्या भट्टीतून) रोलचा ट्रे काढला, वरून लोणी फिरवलं आणि पहिला रोल सासूबाईंच्या ताटलीत ठेवला. आमच्याकडे आठ वर्षं हाच शिरस्ता आहे. त्यांनी ताटली बोटानं बाजूला सारली. "अगं, यात किडे असतात म्हणे. तू कधी बोलली नाहीस."

आई माळकरी आहेत. गळ्यात माळ पडल्यापासून त्यांनी अंड्याला शिवलेलं नाही, आणि त्यांच्याचसाठी मी बिनअंड्याचे रोल करायला शिकले. भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकला आणि आठ वर्षांचा विश्वास एका सकाळी गेला. दुपारी तोच मेसेज मला इथल्या, साताऱ्याच्या शाहूपुरीतल्या एका ताईंनी पाठवला, वाढदिवसाच्या चाळीस रोलची ऑर्डर रद्द करताना. तेव्हा मात्र डोकं फिरलं.

मेसेज थोडक्यात असा: शाकाहाऱ्यांनो सावधान, अंड्याशिवाय पाव मऊ होतच नाही, 'एगलेस' ही फसवणूक आहे. यीस्ट म्हणजे जिवंत किडे. यीस्टमुळे पावात दारू तयार होते. मैदा आतड्याला चिकटतो. ब्रेडमध्ये कॅन्सरचं केमिकल सापडलंय. आणि हे सगळं सांगून झाल्यावर शेवटची ओळ: खायचेच असतील तर घरचे एगलेस रोल खा, ते शुगरवाल्यांनाही चालतात. म्हणजे किडे आणि दारू शुगरवाल्यांना चालते!

आधी किडे. यीस्ट किडा नाही, प्राणीच नाही. त्याला ना तोंड, ना पाय, ना मज्जातंतू. ती एकपेशीय बुरशी आहे, अळंबीच्या दूरच्या नात्यातली. ('बुरशी' म्हटल्यावर आईंचा चेहरा आणखी वाकडा झाला, म्हणून तो शब्द मी घरात परत घेतला.) पिठातली साखर खाऊन ती वायू सोडते, तो वायू पिठाच्या जाळीत अडकतो आणि गोळा फुगतो. साठ अंशांच्या आसपास ती मरते आणि रोल भाजून होतो तेव्हा आतलं तापमान नव्वदच्या वर गेलेलं असतं. त्यामुळे 'जिवंत' हा शब्दही खोटाच.

मी आईंना म्हटलं, इडलीचं पीठ रात्रीत दुप्पट होतं ते कुणाच्या जोरावर? त्यात जिवाणूही असतात आणि यीस्टही. विरजणात काय असतं? युक्तिवाद बिनतोड होता, पण परिणाम उलटा झाला. आई घाबरून म्हणाल्या, "मग इडलीपण सोडू का?" अर्धा तास गेला मला तिथून परत यायला.

शेवटी कामाला आला तो कायदा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत मांसाहारी कशाला म्हणायचं ते स्पष्ट लिहिलंय: प्राणी, पक्षी, मासे यांचा कोणताही भाग, अंडी, किंवा प्राण्यापासून मिळालेला पदार्थ. त्यातून दूध, दुधाचे पदार्थ आणि मध वगळलेत. या व्याख्येत यीस्ट बसतच नाही. मी यीस्टचं पाकीट आईंच्या हातात दिलं, त्यांनी चष्मा लावून हिरवा ठिपका बघितला आणि म्हणाल्या, "सरकारनं तपासलंय ना, मग बघू." आंबवलेलं खायचंच नाही असा कुणाचा नेम असेल, तर त्याला माझा नमस्कार. तो नेम आहे. त्याला किड्यांची कथा जोडायची गरज नाही.

आता अंडं. अंड्याशिवाय पाव मऊ होत नाही असं लिहिणाऱ्यानं पोवई नाक्यावर उभं राहून वडापाव खाल्ला नसावा. लादी पाव म्हणजे मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, थोडी साखर, थोडं तेल. आणि धंद्याचंच बोलायचं तर पावाचा भाव बघा आणि अंड्याचा भाव बघा. चोरून अंडं घालून कोण नुकसान करून घेईल?

अंड्याचं काम काय, तर बलकातली चरबी पिठाचा चिवटपणा मोडते, रंग येतो, पाव जरा जास्त टिकतो. चरबीचं काम लोणी करतं, रंग दूध आणि साखर देतात. टिकण्यासाठी एक युक्ती आहे, चीन-जपानकडच्या बेकरीतली, आणि आपल्या बायकांना ती बाळाची खीर शिजवताना आपोआप येते. अर्धा किलो मैद्यातला पंचवीस ग्रॅम बाजूला काढायचा, सव्वाशे मिली दुधात कालवून मंद आचेवर खळीसारखा शिजवायचा. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, आणि ते पाणी भाजल्यावरही रोलमध्ये राहतं. ही खळ गार झाली की उरलेला मैदा, साठ ग्रॅम साखर, सात ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, आठ ग्रॅम मीठ आणि कोमट दूध लागेल तसं, साधारण दोनशे मिली. मळून झाल्यावर साठ ग्रॅम लोणी. पीठ हाताला चिकटतं म्हणून वरून मैदा भुरभुरायचा नाही, तिथेच निम्म्या जणींचे रोल दगड होतात. पंधरा मिनिटं मळत राहा, आपोआप सुटतं. दुप्पट फुगू द्या, बारा गोळे करा, पुन्हा फुगू द्या, १८० अंशांवर वीस मिनिटं भाजा. साताऱ्यातल्या डिसेंबरात फुगायला दुप्पट वेळ लागतो. मी बंद ओटीजीत गरम पाण्याची वाटी ठेवून त्यातच पीठ ठेवते. आणि उरलेले रोल फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे ते बाहेरच्यापेक्षा लवकर वातड होतात.

एक मात्र मान्य करते, नाइलाजानं. काही बेकऱ्यांत गोड बनवर चकाकीसाठी अंड्याचा हात फिरवतात, काही प्रकारच्या बनच्या पिठातही अंडं असतं, आणि सुट्या मालावर ठिपका नसतो. विचारून घ्या. मी दूध फिरवते, तेवढी चकाकी येत नाही.

दारू: पीठ फुगताना थोडं अल्कोहोल तयार होतं हे खरं, भट्टीत बहुतेक उडून जातं हेही खरं. गोव्यात पूर्वी पावाचं पीठ माडीनं फुगवायचे, तो पाव खाऊन कुणी झिंगल्याचं ऐकिवात नाही.

मैदा आतड्याला चिकटत नाही. पचतो, जरा जास्तच पटकन पचतो. त्यात कोंडा नसतो ही खरी तक्रार. रोज खायची वस्तू नाही ती.

कॅन्सरच्या केमिकलला मात्र आधार आहे, पण शिळा. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं तिथल्या पाव-ब्रेडचे ३८ नमुने तपासले, त्यातल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट (पाव चांगला फुगावा म्हणून पिठात घालायची रसायनं) सापडलं. पुढच्याच महिन्यात ब्रोमेटवर बंदी आली. मेसेजमध्ये बंदीचा उल्लेख नाही, आणि माझ्या ओट्यावर ब्रोमेटची बरणीही नाही.

राहिली ती शुगरवाली ओळ, आणि खरं नुकसान हीच करणार आहे. अंड्यात साखर जवळजवळ नसतेच, मग अंडं काढल्यानं रोलमधली साखर कमी कशी होईल? वरच्या मापात एका रोलला चाळीस ग्रॅमच्या वर मैदा आणि पाच ग्रॅम साखर जाते. दोन लहान पोळ्यांइतकं पीठ, तेही बिनकोंड्याचं. डॉक्टरांनी पोळ्या मोजून दिलेल्या माणसाला हे 'चालतं' म्हणून कोण सांगतं?

आमच्या सासऱ्यांना सात वर्षांपासून डायबेटिस आहे. आईंनी मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा किडे, दारू, कॅन्सर या सगळ्याला त्यांनी "काहीतरीच" म्हटलं होतं. शेवटची ओळ मात्र त्यांना पटली. काल संध्याकाळी डब्यात सात रोल होते. आज सकाळी चार आहेत, आणि आईंनी अजून एकही खाल्लेला नाही.