नाताळ म्हणजे लाल डगला नव्हे

आज दुकानात डोकं तापलं ते अजून थंड झालेलं नाही, म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांब होणार आहे.

तालुक्याच्या एका शाळेतल्या मॅडम पहिली-दुसरीच्या लेकरांसाठी सांताक्लॉजचे डगले शिवायला टाकून गेल्या. लाल सॅटिन, गळ्याला अन् बाह्यांना पांढरी फर. मापं घेतली, भाव ठरला. माझं पोट शिवणावर आहे, डगले वेळेवर देणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण निघताना मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमचाच सण आहे, थोडं कमी लावा." मी सहज विचारलं, कार्यक्रमात येशूच्या जन्माचं काय ठेवलंय? तर म्हणे, "नाही हो ताई, धार्मिक काही ठेवलं नाही. पाहुणे दोन शब्द बोलतील, येशू थोर महापुरुष होते, त्यांनी प्रेम शिकवलं, एवढंच. मग डान्स अन् केक."

नाताळ, अन् धार्मिक काही नाही! दिवसभर मशीन चालवताना तेच वाक्य कानात होतं.

सांताचा मला राग नाही. संत निकोलस चौथ्या शतकातला खराखुरा बिशप, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा. गोरगरिबांना देणारा म्हणून त्याचं नाव राहिलं. लेकरांना त्याच्या नावानं चॉकलेट मिळतं, हसतात, हसू द्या. मला राग आहे तो त्या "थोर महापुरुष"चा. मान दिल्यासारखा वाटतो, अन् आमच्या श्रद्धेचा गाभाच काढून नेतो.

परवा २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी झाली. आपल्या अमरावती जिल्ह्याचे बाबा. हातात खराटा घेऊन गावं झाडली, भुकेल्याला अन्न द्या म्हणून सांगत फिरले. त्यांना थोर म्हणा, शंभरदा म्हणा, मीही म्हणते. पण नाताळ ही थोर माणसाची जयंती नाही हो. ख्रिस्ती माणूस नाताळात जे मानतो ते हे, की ज्यानं आभाळ केलं, माती केली, तो देव स्वतः एका गरीब पोरीच्या पोटी नऊ महिने राहिला आणि आपल्यासारखाच रडत जन्माला आला. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्तालाच 'शब्द' म्हणून लिहिलंय, "शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली." देवानं निरोप्या पाठवला, कोणाला उपदेश करायला पाठवलं, असं नाही. तो स्वतः आला. तुम्हाला हे पटलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. पण आमचा सण आहे म्हणता ना, मग आम्ही काय मानतो ते तरी नीट सांगा.

हा वाद आजचा नाही. इसवी सन ३२५ मध्ये निकिया इथे बिशपांची मोठी सभा भरली ती याच प्रश्नावर. ख्रिस्त हा देवानं निर्माण केलेला कोणी श्रेष्ठ जीव, की स्वतः देव? सभेनं जे ठरवलं ते आजही चर्चमध्ये म्हटलं जातं, खऱ्या देवापासून खरा देव. त्यासाठी लोकांनी हद्दपारी सोसली आहे. आणि आपण ते दोन मिनिटांच्या भाषणात गुंडाळून टाकतो.

आता माझ्या आजीचं सांगते. काही जणांनी माझ्याकडून आधी ऐकलं असेल, पुन्हा ऐका.

आजी आमच्या गावची दाई. अचलपूर तालुक्यातलं गाव, वर सातपुडा दिसतो. हिवाळ्यात कापूस फुटला की मेळघाटातून कोरकू कुटुंबं वेचणीला खाली उतरायची आणि ज्याच्या वावरात काम त्याच्याच कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, राहायची. मी शाळेत होते. एका रात्री एक माणूस आजीला बोलवायला आला, बायकोच्या पोटात कळा सुरू झालेल्या. आजीनं मला कंदील धरायला सोबत नेलं. ज्यांचं वावर होतं त्यांचा माडीचा वाडा गावात होता, खोल्या रिकाम्या होत्या. पण वेचणाऱ्या बाईला वाड्यात कोण घेणार? ती कोठ्यात होती, बैलांच्या बाजूला.

बायबलमध्ये येशूच्या जन्माची गोष्ट सांगणारा लूक लिहितो, येशूची आई मरिया आणि योसेफ यांना उतारशाळेत जागा नव्हती. हे वाक्य दरवर्षी वाचलं जातं, लोक माना डोलावतात. मला त्या वाड्याच्या बंद खोल्या आठवतात आणि आजही अंगाची आग होते. तो औगुस्त कैसर रोममध्ये बसून हुकूम काढतो, सगळ्यांची शिरगणती करा, आणि दिवस भरलेली मरिया नासरेथहून बेथलेहेमला निघते. शंभर किलोमीटरच्या वर वाट आहे ती. राजाला आकडा पाहिजे होता, चालली कोण? आपल्याकडे पोटासाठी डोंगर उतरून येणाऱ्या बायांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बाळ झालं. मुलगा. आजीनं फडकं मागितलं तर त्या बाईजवळ अंगावरच्या लुगड्याशिवाय काही नव्हतं. माझ्या खांद्यावर नाताळासाठी घेतलेली नवी कोरी ओढणी होती, मी ती पुढे केली. आजी म्हणाली, "नवं नको वं. खळीचं फडकं टोचते लेकराले." आणि पिशवीतून आपलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं काढून टर्रकन फाडलं. आज मी रोज कापड फाडते, पण तो आवाज वेगळाच होता. बाळाला त्यात गुंडाळलं. खाली सगळं ओलं, बैलांचे पाय जवळ. मग आजीनं गव्हाणीतलं कुटार एका बाजूला सारलं, बारदाना अंथरला आणि बाळाला तिथे ठेवलं. त्या गव्हाणीचा काठ मला अजून दिसतो. बैलांच्या माना घासून घासून गुळगुळीत, काळाभोर झालेला, आणि एका कोपऱ्यात बैलाची लाळ कंदिलाच्या उजेडात चमकत होती. गोमूत्राचा वास डोळ्यांत जात होता.

म्हणून मला ते कापसाचे, चमकीचे, सोनेरी कागदाचे गोठे बघवत नाहीत. आमच्या चर्चमधलेही बघवत नाहीत. असिसीच्या फ्रान्सिसनं १२२३ साली ग्रेच्चो गावात गव्हाणीचा देखावा केला तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं होतं. त्याला माहीत होतं. (हो, लूकच्या गोष्टीत बैल-गाढवाचा उल्लेख नाही, ते लोकांनी बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकातून घेतलं. कोणी कॉमेंटमध्ये सांगायच्या आधी मीच सांगते.)

आणि २५ डिसेंबर बायबलमध्ये नाही, हेही मला माहीत आहे. शुभवर्तमानात तारीखच दिलेली नाही. २५ डिसेंबरचा उल्लेख इसवी सन ३५४ च्या रोमच्या नोंदीत सापडतो. बरं, नाही तर नाही. जन्म झाला यावर श्रद्धा आहे, तारखेवर नाही.

आता शिवणारी बाई म्हणून जे मला सगळ्यात जास्त भिडतं ते लिहिते. देवदूत मेंढपाळांकडे आला. म्हणजे कोणाकडे? रात्री रानात जागल करणाऱ्यांकडे. आपल्या पट्ट्यात रानडुकरांच्या भीतीनं हरभऱ्यात थंडीचं कुडकुडत जे बसतात ना, त्यांच्याकडे. देवळातल्या याजकांना, हेरोद राजाला कळायच्या आधी त्यांना कळलं. भिऊ नका, तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे. आणि ओळखायचा कसा? देवदूत म्हणाला, "तुम्हांला खूण ही की, बाळंत्याने गुंडाळलेले व गव्हाणीत ठेवलेले एक बालक तुम्हांला आढळेल." आभाळ दूतांनी भरलं होतं, पण खूण म्हणून दिलं एक फडकं आणि एक गव्हाण. जी कोणत्याही गरिबाच्या घरी सापडते. मेंढपाळाला आत शिरायला लाज वाटू नये अशी खूण.

शिवणाचं काम करताना कितीदा माझा हात इथे थांबतो. ज्या देवाला आजवर कोणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, त्याच्या अंगाला फडकं लागलं. त्याला थंडी वाजत होती. त्याला टोचू शकत होतं. याहून जवळ देव अजून किती येणार?

माझ्या मैत्रिणी म्हणतात, आमच्याकडेही अवतार आहेत, कृष्ण तर तुरुंगात जन्मला. बरोबर आहे, म्हणूनच माझी हिंदू शेजारीण नाताळची गोष्ट शाळेतल्या पाहुण्यांपेक्षा लवकर समजते. फरक आहेच. आम्ही मानतो की तो एकदाच, कायमचा माणूस झाला, भुकेला झाला, मार खाल्ला आणि मेला. आमच्यासाठी मेला, आमच्या पापांसाठी. पूर्वेच्या ज्ञानी लोकांनी सोनं आणि ऊद आणला, त्यासोबत गंधरसही आणला. योहान सांगतो की येशूला पुरतानाही गंधरस होता. आणि लूकच सांगतो की वधस्तंभावरून उतरवल्यावर त्याला तागाच्या वस्त्रात गुंडाळलं. जन्मताना कापडात गुंडाळला, मेल्यावर कापडात गुंडाळला. नाताळ आणि वधस्तंभ वेगळे करता येत नाहीत. आमच्या चर्चमधले जुने लोक नाताळात रडायचे, तेव्हा मला कळायचं नाही, आनंदाचा सण आहे तर रडता कशाला. आता वाचताना माझाही आवाज भरून येतो.

आमच्याच माणसांनाही सोडत नाही मी. त्या बाळंतपणानंतर आजी पहाटे घरी आली, अंघोळ केली आणि रविवार होता म्हणून सरळ उपासनेला गेली. नाताळच्या आधीचा रविवार. मागच्या बाकावरची एक बाई कुजबुजली, रात्रभर बाळंतिणीजवळ होती, विटाळ असते, आज कशाला आली. आजीनं ऐकलं आणि उपासना सुरू व्हायच्या आत वळून म्हणाली, "मंग मरियेले काय विटाळ नव्हता? त्या विटाळातूनच देव आला ना बापा!" सगळं चर्च गप्प. पाळकांनी त्या दिवशी उपदेश छोटा केला.

आज आमची पोरं कोणाचा तारा उंच, कोणाच्या गल्लीत डीजे मोठा, यावर भांडतात. मला त्यांच्यावर ओरडायचं नाही, सण आहे, वाजवा. पण मरियेचं गीत एकदा उघडून वाचा रे. देवानं अधिपतींना आसनांवरून ओढून काढलं, दीनांना वर केलं, भुकेल्यांना तृप्त केलं, धनवानांना रिकाम्या हाती पाठवलं, असं गाणारी ती पोरगी होती. येशू जन्मायच्या आधीच गाते ती हे. आणि तुमच्या डीजेच्या वर्गणीत कोठ्यात राहणाऱ्या वेचणाऱ्यांसाठी एक चादर बसत नाही? यावर्षीही ते आले आहेत. मेळघाटातूनच. यावर्षीही कोठ्यातच आहेत.

मॅडमला मी कमी भाव लावला नाही. पण मी त्यांना म्हणाले, पाहुण्यांच्या भाषणाआधी लूकचा दुसरा अध्याय, पहिल्या वीस ओव्या, एखाद्या पोरीकडून वाचून घ्या, पाच मिनिटंही लागत नाहीत. विचार करते म्हणाल्या. बाई चांगल्या आहेत, कदाचित करतीलही.

२५ तारखेला सकाळी नऊला आमच्याकडे उपासना आहे. ढोलक, पेटी, टाळ, मराठी भजनं. कोणत्याही धर्माचा माणूस येऊन बसू शकतो, दारात कोणी विचारत नाही. नंतर चहा आणि करंज्या. आणि ज्यांच्याकडे जुनी, मऊ, धुतलेली सुती लुगडी पडून असतील त्यांनी त्याआधी माझ्या दुकानात आणून द्यावी. मी चौकोनी कापून, काठ दुमडून देते. वावरातल्या दोन बाया दिवसात आहेत.