‘टेक्निशियनने स्लाइड वाचावी, सल्ले देऊ नयेत’: प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर, वीर्याच्या रिपोर्टवर ‘पस सेल्स’ (पू-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशी) लिहिलं की इन्फेक्शन असतंच असं नाही, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुम्ही लिहिलंत, “पस सेल्स म्हणजे इन्फेक्शन, हे एमबीबीएसच्या पोरालाही कळतं. टेक्निशियनने स्लाइड वाचावी, सल्ले देऊ नयेत. हे वाचून कोणी गोळ्या सोडल्या आणि क्लॅमिडियाने त्याच्या नळ्या बंद झाल्या तर जबाबदार कोण?” (क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून लागणारा जंतू; नळ्या म्हणजे शुक्राणू वाहून नेणाऱ्या.)

एक चूक तुम्ही बरोबर दाखवलीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्य तपासणीच्या मॅन्युअलची सहावी आवृत्ती २०२१ची; मी २०२० लिहिलं होतं. दुरुस्त केलं, आभार.

पण ‘टेक्निशियनने’ हा शब्द ज्या सुरात आलाय, तो मला लागला. एकोणीस वर्षं मी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतोय. तुम्ही ज्या आकड्यावरून औषध लिहिता, तो माझ्यासारख्याच कोणीतरी मोजलेला असतो. मोजणाऱ्याने तो आकडा कसा आला हे सांगायचं नाही, तर कोणी सांगायचं?

आणि तो कसा येतो ते ऐका. थेंब काचेवर, वर कव्हरस्लिप, रंग काही नाही. ४०च्या लेन्सखाली गोल पेशी दिसतात. त्यांत पांढऱ्या पेशी असतात, तशा अंडकोषातून अर्धवट वाढून सुटलेल्या शुक्राणूंच्या कच्च्या पेशीही असतात. बिनरंगी स्लाइडवर दोन्ही खात्रीने वेगळ्या ओळखता येत नाहीत. तरी अनेक ठिकाणी सरसकट ‘पस सेल्स ८-१०’ लिहून रिपोर्ट जातो. पेरॉक्सिडेज या पेशीतल्या एन्झाइमवर चढणारा रंग दिला की न्यूट्रोफिल, म्हणजे वीर्यातल्या बहुतेक पांढऱ्या पेशी, तपकिरी होतात, कच्च्या पेशी तशाच राहतात. मॅन्युअलची मर्यादाही अशा रंग घेतलेल्या पेशींचीच आहे: एका मिलिलिटरमध्ये १० लाख. हाय पॉवरला, म्हणजे त्या ४०च्या लेन्सखाली एका नजरेत, किती दिसल्या, याची नव्हे.

त्या मर्यादेपलीकडे गेल्या तरी दर वेळी जंतू सापडतातच असं नाही. अनेकांच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, काहीच उगवत नाही. सिगारेट, व्हेरिकोसील (अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा), जुनी सूज, अशीही कारणं असतात. पांढऱ्या पेशी निरुपद्रवी आहेत, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. त्या ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडतात. शुक्राणूच्या आवरणात चटकन खराब होणारी स्निग्ध आम्लं असतात आणि स्वतःला वाचवायला त्याच्याकडे पेशीद्रव जवळजवळ नसतो. मग चाल मंदावते, डीएनए तुटतो. हे सगळं लेखात आहे. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलात का, अशी शंका येते.

२०११ची गोष्ट सांगतो. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल राहत नव्हतं. रिपोर्टवर ‘पस सेल्स १५-१८’. अँटिबायोटिक्सचे तीन कोर्स झाले. त्याचं पोट बिघडलं, आकडा हलला नाही. भावजय उगाचच घरात मान खाली घालून वावरायची. शेवटी मी त्याचं ताजं सँपल ऑर्थोटोल्युइडिनने, म्हणजे त्याच पेरॉक्सिडेजच्या रंगाने, रंगवलं. बहुतेक पेशींना रंग चढलाच नाही. मिलिलिटरला दोन लाखही पांढऱ्या पेशी नव्हत्या. सात-आठ महिने ज्या रोगावर गोळ्या घेतल्या, तो त्याला नव्हताच. एमबीबीएसच्या पोराला जे कळतं, ते त्या वेळी तिघा डॉक्टरांनाही कळलं होतं!

क्लॅमिडियाबद्दल म्हणाल, तर ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका’ हे वाक्य लेखात आहे, त्यावर आणखी काय लिहू?

एकच विचारतो, आणि याचं उत्तर मला खरंच हवं आहे. तुमच्याकडे आलेल्या शेवटच्या रिपोर्टवर ‘पस सेल्स’ होतं, तेव्हा लॅबला फोन करून रंग दिला होता का, हे तुम्ही विचारलंत का? तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मात्र पुढच्या वेळी टेक्निशियन हा शब्द शिवीसारखा वापरलात, तर उत्तर मिळणार नाही.