विशेष शिक्षक व्हायचंय? मग अंगणवाडीच्या ओट्यावर बसायला शिका

बारावीनंतर डी.एड. विशेष शिक्षण करू की पदवीनंतर बी.एड., असं जळगाव-धुळ्याकडची पोरं विचारतात. दोन्हींना २ वर्षं लागतात. प्रवेशाआधी एवढंच तपासा की त्या संस्थेला, त्या वर्षासाठी आणि त्याच प्रवर्गासाठी (कर्णबधिर, अंध, बौद्धिक अक्षमता वगैरे) भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे. नाहीतर सीआरआर नंबर, म्हणजे परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला नोंदणी क्रमांक, मिळत नाही, आणि तो नसेल तर पदवी भिंतीवर लावायच्या कामाची.

पण नंबर मिळाला म्हणजे शिक्षक झालो, हे मला पटत नाही. हे काम एकट्याचं नाहीच. मूल पहिल्यांदा नजरेत येतं ते अंगणवाडी सेविकेच्या किंवा आशाताईंच्या. आरोग्य तपासणीचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं; त्या दिवशी तिथे हजर राहा. आणि घरात अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या पोराची चाचणी पुस्तकी मराठीत घेऊन त्याला 'मंद' ठरवू नका. 'तुनं नाव काय शे?' असं विचारून बघा. पावरी येत नसेल तर मदतनीस ताईंना शेजारी बसवा.

खरी भागीदार मात्र आई. समजा, शर्ट घालायला शिकवायचंय. त्याचे ६ टप्पे पाडा. पहिले ५ तुम्ही करा, शेवटचं बटण मुलाला लावू द्या. ते जमलं की शेवटची दोन. सुरुवातीला हातावर हात, मग कोपराला नुसता स्पर्श, मग बोटाने खूण, मग काहीच नाही. बिघडतं ते इथेच: आधार वेळेवर काढला नाही तर मूल त्याचीच वाट बघत बसतं. त्यात सकाळी आईला कापूस वेचायला जायची घाई, ती सगळी बटणं स्वतःच लावून मोकळी होते. तिला दोष देऊन काय मिळणार? सराव संध्याकाळी ठेवा. ५ पैकी ४ वेळा आपण होऊन जमलं की पुढचा टप्पा.

नंदुरबारकडे आणखी एक अडचण. दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि मुलाला वर्षभर काय शिकवायचं त्याचा आराखडा शाळेच्या कपाटातच राहतो. म्हणून निघण्याआधी आईला एका पानावर चित्रांनी सराव काढून द्या, सोबत यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स. फिटच्या गोळ्या सुरू असतील तर पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. एकदम बंद झाल्या तर फिट वाढतात. आणि मुकादमाचा नंबर घेऊन ठेवा, आईचा फोन बऱ्याचदा लागत नाही.