सही करण्याआधी आकडा लिहून घ्या

बिघडलेली नवी गाडी गाढवांना जुंपून, ढोलताशे वाजवत शोरूमवर नेणाऱ्या मालकांच्या बातम्या अधूनमधून येतात. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर त्यावर ठरलेली प्रतिक्रिया असते: "अमेरिकेत हे चाललं नसतं." मी कॅलिफोर्नियात राहते आणि मला हे मुळीच मान्य नाही.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या गाडीचा एसी गार हवा देईना. डीलरच्या सर्व्हिस सेंटरला गाडी टाकली. त्यांनी ती अडकवून ठेवली, फोन उचलले नाहीत आणि गाडी हातात आली तेव्हा हवा गरम ती गरमच. शिवाय बिलात कूलंट फ्लश (इंजिन थंड ठेवणारं द्रव काढून नवं भरणं) लावलेला, जो मी सांगितलाच नव्हता. वर सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरची विनंती, की कंपनीचा सर्व्हे येईल, त्यात पूर्ण मार्क द्या. नाशिकला दादालाही सर्व्हिसिंगनंतर असाच फोन येतो: "सर, दहापैकी दहा द्या, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह कापतात."

माणसं दोन्हीकडे सारखीच. फरक आहे तो कागदाचा. कॅलिफोर्नियात 1971 च्या कायद्याने गाडी दुरुस्तीवर देखरेख करणारं स्वतंत्र सरकारी खातं आहे. कामाला हात लावण्याआधी लेखी एस्टिमेट द्यावंच लागतं. खर्च त्यापुढे जाणार असेल तर ग्राहकाची संमती घ्यायची, नाहीतर जादा पैसे मागता येत नाहीत. काम देतानाच सांगितलं तर काढलेले जुने पार्टही परत मागता येतात. मी एस्टिमेट काउंटरवर ठेवलं आणि फ्लशला माझी संमती कुठे नोंदवली आहे ते दाखवा म्हटलं. मॅनेजरने ती रक्कम बिलातून काढून टाकली. आवाज चढवावा लागला नाही.

आपला कायदा लेचापेचा आहे असं मी म्हणणार नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात वकिलाशिवाय जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, 1915 ही हेल्पलाइन आहे. स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये बाहेरच्या गॅरेजना सुटे भाग मिळू न देणाऱ्या 14 कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. पण हे सगळं नुकसान झाल्यावरचं. दादा सकाळी ऑफिसच्या घाईत जॉब कार्डवर, म्हणजे कामं लिहिलेल्या कागदावर, सही करतो, तेव्हा अंदाजे खर्चाचा रकाना कोरा असतो. संध्याकाळी बिलात एसी डिसइन्फेक्शन, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, कन्झ्युमेबल्स अशी भरताड निघते आणि किल्ली पैसे भरल्यावरच मिळते. त्या वेळी ग्राहक आयोगाचा काय उपयोग?

"त्यापेक्षा आपला गॅरेजवाला बरा," हे दादाचं म्हणणं मला अर्धंच पटतं. माणूस विश्वासाचा असतो, पण बहुतेकदा पक्कं बिल देत नाही. उद्या वाद झाला तर दाखवणार काय?

ग्राहक पंचायतीने 1970 च्या दशकापासून महाराष्ट्रात ग्राहकाला बोलायला शिकवलं. लेखी एस्टिमेटशिवाय काम नाही आणि संमतीशिवाय वाढीव बिल नाही, एवढा नियम सरकारकडून करून घेण्यासाठी आता ग्राहक संघटनांनी जोर लावावा असं मला मनापासून वाटतं. तोवर दादाला सांगून ठेवलंय: आकडा लिहिल्याशिवाय सही करू नकोस, आणि "जुने पार्ट परत हवेत" हे जॉब कार्डवर तुझ्या हाताने लिही.