‘दातांतलं काही कळत नसताना…’ या प्रतिक्रियेला उत्तर

लॅक्टोबॅसिलससारख्या तोंडातल्या उपकारक जिवाणूंवरच्या आणि त्यांच्या गोळ्यांवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: ‘लॅक्टोबॅसिलस स्वतःच आम्ल तयार करतो, किडलेल्या दातात तोही सापडतो. गोळ्या थांबवल्या की परिणाम जातो. दातांतलं काही कळत नसताना लोकांना गोळ्या विकू नका.’

एक चूक मान्य. ओटागो विद्यापीठ मी ऑस्ट्रेलियात नेऊन ठेवलं होतं. ते न्यूझीलंडमध्ये, ड्युनेडिनला आहे. दुरुस्त केलंय.

पण ‘विकू नका’? मी आजवर कुणाला एक गोळी विकलेली नाही. हा शब्द वापरण्याआधी निदान लेख तरी पूर्ण वाचायचा होतात.

आणि ‘काही कळत नसताना’ म्हणता, तर ऐका. माझ्या आईच्या हिरड्यांतून दोन वर्षं रक्त येत होतं. सकाळी बेसिनमध्ये गुलाबी फेस, उशीच्या अभ्र्यावर तांबूस डाग. भाकरीचा कडक पापुद्रा ती माझ्या ताटात सरकवायची. एका दवाखान्यात तोंडात नीट न बघताच ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून परत पाठवलं. त्या रात्रीपासून मी यावर मिळेल ते वाचतोय. पुढे दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्केलिंग करून, म्हणजे दातांवरचा साचलेला थर खरवडून, लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीच्या चघळायच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या आठवड्यात फेस पांढरा झाला. स्केलिंगचाच गुण म्हणाल, तर त्याआधी दोनदा स्केलिंग झालं होतं आणि दोन्ही वेळा महिनाभरात रक्त परत आलं होतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, ते बेसिन मी रोज धूत होतो.

घरचं पुरेसं नसेल तर हेलसिंकी घ्या. तिथल्या पाळणाघरांतल्या 594 मुलांवर 7 महिने प्रयोग झाला. ज्यांच्या दुधात लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी होता, त्यांच्यात कीड कमी आढळली, विशेषतः तीन-चार वर्षांच्या मुलांत. तोही लॅक्टोबॅसिलसच ना?

आम्लाचं म्हणाल तर सगळे जिवाणू एका माळेचे मणी नाहीत. ओटागोचे संशोधक जॉन टॅग यांनी शोधलेला के12 हा जिवाणू लॅक्टोबॅसिलस नाहीच. तो स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस, आपल्या तोंडातला जुना रहिवासी. सॅलिव्हॅरिसिन हे जिवाणूमारक द्रव्य सोडून तो घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसला मारतो. त्याचा भाऊबंद एम18 युरियापासून अमोनिया करतो, म्हणजे आम्ल उतरवतो.

गोळ्या थांबवल्या की परिणाम जातो, हे खरं. ब्रश सोडला तरी जातोच, त्यावर आणखी काय बोलायचं!

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मात्र पुन्हा लिहाल तेव्हा माझ्या आईच्या दुखण्याला दुकान म्हणू नका.